फळीवरच्या बातम्या

२६ फेब्रुवारी

लिहायला उशीर झाला, माफी असावी. कोणाची माफी मागतोय ते माझं मलाच नीट कळत नाही. वहीची म्हणा. शांतम्मा शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला गेली, मंजूकडे, आमच्या मुलीकडे. निघताना ही वही हातात देऊन म्हणाली, "मला दिवसातून धा फोन करू नका. डोस्क्यात जे येईल ते यात लिवा. म्या आल्यावर बगीन." मी हो म्हणालो, वही देवघराच्या फळीवर ठेवली आणि फोनच करत राहिलो. काल मंजू म्हणाली, "अप्पा, अव्वा म्हणते, आता रोज उचलणार न्हाई." म्हणून आज बसलो लिहायला.

मंजूच्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून शांतम्मा मदतीला गेली आहे. ऑपरेशन एकाच डोळ्याचं. एका डोळ्याला इतके दिवस लागतात का, असं मंजूला विचारलं तर ती हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. निकालाचं विचारू नये. वाचता येतं, पण पेपरातलं बारीक अक्षर मला कधी पटलं नाही. मोठ्या अक्षरात जे सांगतात ते सांगतात, आणि खाली बारीक अक्षरात हळूच मागे घेतात. म्हणून मी मथळा वाचतो. पुढचं माझं मी समजून घेतो. आजवर काही अडलं नाही.

गॅस बंद आहे का बघून येतो.

बंद होता.

२८ फेब्रुवारी

वीरेश, म्हणजे आमचा मुलगा, दुकान बदलतो आहे. गंजगोलाईच्या बाजारामागे आमचं किराणा दुकान, माझ्या वडिलांनी घातलेलं. आता तो म्हणतो की लातुरात गुळापेक्षा पेनं जास्त खपतात. क्लासला येणारी पोरं गल्लोगल्ली भरली आहेत, ती शेंगदाणे घेत नाहीत, वह्या घेतात. म्हणून लाकडी फळ्या काढून लोखंडी रॅक लावणार. मला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण रॅक आल्यावर.

फळ्या सागवानी आहेत, घेणारा तयार आहे. पण तो म्हणतो, आधी वरचे कागद काढा. वडिलांची रीत अशी, की दर दिवाळीला फळीवर नवा पेपर अंथरायचा. जुना काढायचा नाही, त्याच्यावरच अंथरायचा. जुना काढला की फळीला मुंग्या लागतात म्हणायचे. वडील गेले, मी तसंच चालवलं. त्यामुळे प्रत्येक फळीवर पेपरांची गादी झाली आहे आणि प्रत्येक पेपरावर बरण्यांच्या बुडाचे गोल गोल डाग आहेत.

वीरेश म्हणाला, "अप्पा, तुमी रिकामेच हाव. बसून सोला जरा."

रिकामा आहे असं त्याला वाटतं.

२ मार्च

सोलायला बसलो, आणि बसलोच. वरचा पेपर काढला की खालचा मथळा डोळ्यांसमोर येतो. जुनी माणसं एकामागून एक घरात यावीत तसं होतं.

"मीठटंचाई नाही : अधिकाऱ्यांचा खुलासा." हा मला चांगला आठवतो. टंचाई नसती तर अधिकारी खुलासा कशाला करतील? मी त्याच दिवशी मिठाची पोती आणून मागच्या खोलीत छतापर्यंत लावली. मग पावसाळा आला. मीठ पाझरलं, भिंतीत उतरलं. ती भिंत अजून दर आषाढात घामाघूम होते. पण टंचाई आली असती तर आख्खं लातूर माझ्या दारात उभं राहिलं असतं, हे कोणी बोलत नाही.

"एकतीस डिसेंबरला संगणक बंद पडणार." आमच्या दुकानात संगणक नव्हता. भिंतीवरचं घड्याळ आणि गल्ल्यावरचं कॅल्क्युलेटर एवढंच होतं. मी दोघांचे सेल काढून ठेवले. सकाळी घड्याळ बंद, म्हणून वीरेशची कॉलेजची गाडी चुकली. म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती.

दुपारी ईश्वरप्पा आला. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, कापडाचं दुकान उदगीरला होतं, आता मुलाकडे लातूरलाच असतो. त्याला नेमका त्याच्या कामाचा मथळा सापडला. "उदगीर जिल्हा होणार?"

मी म्हणालो, "बघ, तुझा बोर्ड आठव."

बातमी आली त्या आठवड्यात ईश्वरप्पाने दुकानावर नवा बोर्ड रंगवून घेतला होता आणि खाली लिहिलं होतं, जि. उदगीर. त्याच्या धाकट्या भावाने तर कलेक्टर ऑफिसात शिपाई व्हायचं म्हणून धोतर सोडून पँट शिवली. जिल्हा झाला नाही. पँट आखूड झाली.

"तुझ्यासारखाच म्या बी येडा," ईश्वरप्पा म्हणाला. "पर माझं येड बोर्डापुरतं. तुझ्या येडापायी वयनी घरात बसली."

"घरात कुठे? नांदेडला आहे की."

त्याने चहा सांगितला.

३ मार्च

आज वरच्या फळ्यांवर श्रीशैलच्या बातम्या निघाल्या. एवढ्या निघतील असं वाटलं नव्हतं.

शांतम्माला श्रीशैलचं फार वेड. तिचं माहेर निलंग्याकडचं. तिकडची माणसं पाडव्याला मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जातात, काही पायी जातात. तिची आई जाऊन आली, दोन्ही बहिणी जाऊन आल्या. आमचंही दरसाल ठरायचं. आणि दरसाल पेपरात काहीतरी यायचं. त्याला मी काय करणार?

"नल्लमलातील वाघ वाढले." यात सरकारला आनंद झालेला. मी विचार केला, वाघ वाढले म्हणजे त्यांचं खाणंही वाढलं असणार. श्रीशैलचा रस्ता त्याच जंगलातून जातो. त्या साली गेलो नाही.

"श्रीशैलम धरण काठोकाठ." काठोकाठ म्हणजे पुढचा थेंब कुठे जाणार? त्या साली गेलो नाही.

"पाडव्याला विक्रमी गर्दीची शक्यता." गेलो नाही.

"यंदा गर्दी ओसरली." का ओसरली, ते लिहिलं नव्हतं. बारीक अक्षरात असेल. पण लोक उगीच कमी होत नाहीत. गेलो नाही.

सगळ्यात खालच्या थरात आमच्या लग्नाच्या सालचा पेपर निघाला. "स्कायलॅब कोसळणार, ठिकाण अनिश्चित." त्या आषाढात आम्ही दोघं श्रीशैलला जाणार होतो, वडिलांनी परवानगीही दिली होती. पण अनिश्चित म्हणजे त्यात सगळंच आलं. मी जाणं रहित केलं आणि घरातली मोठी पितळी परात शांतम्माला रोज अंगावर घेऊन झोपायला लावलं. नवी नवरी, काही बोलली नाही. ते लोखंड म्हणे पार ऑस्ट्रेलियात पडलं. लोक अजून हसतात. पण आम्ही श्रीशैलच्या वाटेवर असतो आणि तिथेच पडलं असतं तर? परातसुद्धा जवळ नसती.

एक मात्र खरं. या सगळ्या वर्षांत आम्हा दोघांना काहीही झालं नाही. माझ्या वाचण्यामुळेच ना?

५ मार्च

आज शांतम्माने फोन उचलला. आधी इकडचं सगळं विचारलं, सून नीट जेवायला घालते का, इष्टलिंगाची पूजा वेळेवर होते का. मग एकदम म्हणाली, "केवळाबाईच्या मंडळाची बस निगालीय श्रीशैलला. चौदा तारखेला. म्या जाणार हाय."

केवळाबाई मंजूच्या गल्लीत राहतात. मूळच्या नायगावकडच्या, शेतकरी घरातल्या. गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ चालवतात आणि वर्षातून एकदा सगळ्यांना बसमध्ये घालून कुठेतरी नेतात.

मी म्हणालो, "आणि डोळ्याचं?"

"डोळा चांगला झाला. विहीणबाई बी निगाल्यात, त्याच डोळ्यानं मल्लय्याला बगायला."

"आणि मी?"

मागे मंजूचा मिक्सर चालू होता, तो थांबला.

"तुमचं काय," ती म्हणाली. "तुमी पेपर बगून सांगा."

मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी तिला माझ्या वाचण्याची किंमत कळली. ती जाणार आणि रस्ता बघायचं काम माझ्याकडे दिलं. आजपासून तिन्ही पेपर घ्यायचे ठरवलं आहे. वीरेश म्हणाला, "अप्पा, फोनवर सगळं दिसतं." फोनवर मथळा अंगठ्याने सरकतो. सरकणाऱ्या बातमीवर मी विश्वास ठेवत नाही.

दोनदा उठून कुलूप बघितलं. लागलेलं होतं.

७ मार्च

आज मधल्या फळीवर हात थांबला. "गणेश विसर्जन शांततेत."

भूकंपाच्या दिवसाचा पेपर आहे. रात्री छापलेला, जमीन हलायच्या आधी गाडीत भरलेला. माझी बहीण मल्लम्मा औशाच्या पलीकडे दिली होती. ती, मेव्हणे, सासू. घर मातीचं आणि दगडाचं.

चार दिवसांनी परत आलो तेव्हा हा पेपर दाराच्या फटीत तसाच होता. तेव्हा मी बारीक अक्षरसुद्धा वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कुठे एक शब्द नव्हता. हवामान अंशतः ढगाळ, असं होतं. आधी मी पेपर बसून वाचायचो. तेव्हापासून उभ्याने वाचतो.

हा थर काढला नाही. वीरेश येऊन मागे उभा राहिला होता. म्हणाला, "राहू द्या अप्पा. ती फळी विकायची न्हाई."

८ मार्च

मथळ्यांची रास झाली होती. ती सगळी समोर भज्यांचा गाडा लावणाऱ्या अमरेशला देऊन टाकली. त्याला पुड्या बांधायला कागद लागतो, आमची जागा मोकळी झाली. त्याने बदल्यात गरम भजी देऊ केली. पित्त आहे म्हणून नको म्हणालो. नंतर वाटलं, घ्यायला हवी होती.

तिन्ही पेपर पाहिले. श्रीशैलबद्दल काही नाही. काही नसलं की मला जास्त फिकीर लागते.

१० मार्च

घाईत लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

संध्याकाळी अमरेशकडे भजी खाल्ली. त्याने कागदावर काढून दिली. शेवटचं भजं उचललं आणि खाली मथळा दिसला. "श्रीशैल घाटात दरड; शेकडो भाविक अडकले."

तारखेचा कोपरा फाटलेला होता. कागद तेलाने पिवळा पडला होता आणि मधोमध एक गोल डाग होता, बशीचा असावा. पण मथळा स्वच्छ. आणि आज सकाळी मी जे तीन पेपर वाचले त्यात हे नव्हतं! म्हणजे चौथ्या पेपरात आलं होतं. मला वाटलंच होतं की तीन पुरणार नाहीत.

शांतम्माला सांगून उपयोग नाही, ती ऐकणार नाही. म्हणून सरळ केवळाबाईंनाच फोन लावला.

"केवळाबाई, मी संगप्पा, लातूरहून. मंजूचा बाप."

"हाव, बोला की भाऊ."

"बस थांबवा. घाटात दरड पडलीय. शेकडो माणसं अडकलीत. पेपरात आलंय."

"अगं माय! कोन्त्या पेपरात?"

"छापील," मी म्हणालो.

त्या घाबरल्या. मीच त्यांना धीर दिला. म्हणालो, देवाचं दर्शन पुढच्या वर्षीही होईल, देव कुठे जात नाही. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. बसभर बाया वाचल्या. शांतम्माला कळेल तेव्हा कळेल.

११ मार्च

सकाळी केवळाबाईंनी सगळ्या बायकांना सांगितलं. बायकांनी बांधलेली सामानं सोडली. बसवाल्याला नको म्हणून कळवलं. त्याने दुपारपर्यंत बिलोलीच्या एका लग्नाचं वऱ्हाड घेतलं. हे सगळं मंजूने वीरेशला फोनवर सांगितलं. वीरेशने मला विचारलं, "अप्पा, ती बातमी कुठंय?"

मी कागद जपून ठेवला होता, आणून दिला. त्याने उजेडाकडे धरला, उलटा केला.

"अप्पा, मागं पेजरची जाहिरात हाय."

"मग?"

"पेजर आता कोण वापरतंय?"

"कोणी वापरत नसेल म्हणूनच जाहिरात करावी लागते."

त्याने माझा हात धरून मला आत नेलं. कोपऱ्यात साखरेची जुनी बरणी होती, ती उचलून त्याने कागदावरच्या गोल डागावर ठेवली. डाग बरोबर झाकला गेला.

सून दारात उभी होती, ती आत निघून गेली. तिचे खांदे हलताना दिसले. रडत होती की हसत होती, ते पाठीवरून कळलं नाही.

थोड्या वेळाने शांतम्माचा फोन आला. इतक्या दिवसांत तिने स्वतःहून केलेला पहिलाच.

"काय हो, दरड कवा पडली?"

"जुनी होती."

"किती जुनी?"

"पेजरच्या वेळची."

"केवळाबाईनं मला समद्यांदेखत इचारलं, बाई, तुमचं मालक असं कामून करतात? म्या काय सांगू? आजवर तुमची बातमी घरात होती, आता नांदेडभर झाली. विहीणबाई नव्या डोळ्यानं माझ्याकडं बगून राहिल्यात."

मी म्हणालो, "पण दरड परत पडू शकते. एकदा पडली तिथे..."

"सोळा तारखेला दुसरी गाडी ठरलीय. लहान हाय, पर ठरलीय. म्या जाणार. आन् फोन करू नका. मंजूला बी सांगून ठेवलंय, अप्पाचा फोन आला तर मला द्यायचा न्हाई."

एवढं बोलून ठेवला. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटते. चढला असता तर उतरला असता.

१२ मार्च

जेवण गेलं नाही. पूजेत लक्ष लागलं नाही, विभूती लावायची राहिली, मग परत बसलो. तिन्ही पेपर न उघडता गल्ल्यावर पडून आहेत.

दुपारी मंजूने गुपचूप फोन केला. गच्चीवरून बोलत होती, वारा ऐकू येत होता.

"अप्पा, एक सांगू का? पहिल्या बसमध्ये अव्वानं दोन जागा सांगितल्या होत्या. खिडकीची आन् तिच्या शेजारची."

"दोन? सामान जास्त होतं का?"

ती मग म्हणाली, "आता लहान गाडी हाय. शेजारची जागा केवळाबाईच्या नणंदेला देऊन टाकली."

"बरं झालं. सामान मांडीवर घेता येईल."

"अप्पा," मंजू म्हणाली, "जरा खालचं बारीक बी वाचत जावा."

आणि फोन ठेवला. बारीक म्हणजे कुठलं, ते सांगितलं नाही. आजचे तिन्ही पेपर शेवटी उघडले आणि बारीक अक्षरासकट वाचले. बाजारभाव, शोकसभा, हरवले-सापडले. त्यात आमच्याबद्दल काही नव्हतं.

१३ मार्च

ईश्वरप्पाला दोन जागांचं सांगितलं. सामानाला घेतली असणार, असंही सांगितलं. तो हसायला लागला, हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"संग्या, बायको कवा सामानासाठी जागा धरती का? सामान टपावर जातं."

"मग कोणासाठी?"

"तुझ्या बापासाठी! अरे लेका, तिनं तोंडानं 'चला' म्हणलं न्हाई, येवडंच. तू पेपर बगून 'येतो' म्हणशील, म्हणून तिनं तुज्यावर सोडलं. आन् तू तिच्या वाटंवर दरड पाडलीस."

मी म्हणालो, "तसं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं."

"लग्नापासून सरळच सांगायली की. दरसाल. तू तरी एकदा 'हाव' म्हणलास का?"

त्यावर मी म्हणालो की त्या-त्या साली तशा बातम्या होत्या. तो म्हणाला, "हाव, होत्या," आणि चप्पल घालून निघून गेला. चहाही घेतला नाही.

मला बसवेना. दुकानात गेलो, परत आलो, परत गेलो. मग चालत स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीत देगलूरला कसं जायचं ते विचारलं; नांदेडहून श्रीशैलला जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. आतला माणूस म्हणाला, उदगीरला उतरा, तिथून गाड्या आहेत. मी विचारलं, "रस्ता बरा आहे का?"

"कोणता?"

"पुढचा."

"काका," तो म्हणाला, "बसून बगा की. बसल्याबिगर कसं कळंल?"

माझ्या मागे रांग होती. मी बाजूला झालो. उदगीरची गाडी माझ्या समोरून सुटली. तिच्यात सगळी साधी माणसं बसली होती, कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एक म्हातारी शेंगा खात होती. इतक्या लोकांनी सकाळचा पेपर वाचला नसेल असं नाही. वाचला असेल, आणि तरी बसले असतील. हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

घरी येऊन सुनेला विचारलं, माझी कापडी पिशवी कुठे आहे. ती काहीच न विचारता घेऊन आली. इस्त्री केलेली दोन धोतरं तिच्यात आधीच ठेवलेली होती. कधी ठेवली, कोण जाणे.

१५ मार्च

शांता,

फोन करू नका म्हणालीस. लिहू नका म्हणाली नाहीस. हे पान वीरेश फोटो काढून मंजूच्या फोनवर पाठवणार आहे. मंजूने तुला वाचून दाखवावं. अक्षर गिचमिड आहे, तिला सवय आहे.

उद्या पहाटेच्या गाडीने मी उदगीरला निघतोय, तिथून मुक्रमाबादवरून देगलूर. तुमची गाडी नायगाववरून देगलूरलाच येते, हे मी केवळाबाईंना विचारून खात्री करून घेतलं. त्यांनी आधी फोन उचलला नाही. मग उचलला आणि म्हणाल्या, "भाऊ, आता काय पडलं?" मी म्हणालो, काही पडलं नाही, मीच येतोय. त्या मग म्हणाल्या, "तुमच्या मालकिणीला इचारा. गाडी माझी, पर जागा त्यांची." म्हणून तुला विचारतोय.

गाडी लहान आहे, हे माहीत आहे. केवळाबाईंच्या नणंदेला उठवू नको. ड्रायव्हरशेजारी जमलं तर तिथे बसेन, नाहीतर दाराच्या पायरीवर. उभं राहायचीही तयारी आहे. गुडघे दुखतील, पण ते इथे बसूनही दुखतात. खिडकीत तूच बस. जंगल आलं की मला बाहेर दाखवू नको, आणि घाट आला की काही विचारू नको. मी डोळे मिटून बसलो तर तो देवाच्या नावाने आहे असं विहीणबाईंना सांग.

आजचा पेपर आला. वीरेश लपवत होता, मी घेतला. उभ्याने वाचला. त्यात काय आहे ते तुला सांगत नाही. एवढंच की छत्री घेतली आहे, आणि ईश्वरप्पाची बॅटरीसुद्धा.

मला निघताना भीती वाटणार. उदगीरपर्यंत वाटेल, देगलूरपर्यंतही वाटेल, कदाचित मल्लय्याच्या दारापर्यंत वाटेल. ती काही जात नाही. तिला बरोबर घेऊन यायचं ठरवलं आहे. तिला वेगळी जागा लागत नाही.

देगलूरच्या स्टँडबाहेर, हैदराबादच्या रस्त्याच्या बाजूला मी उभा असेन. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात छत्री. तू ओळखशीलच. पण गाडी जोरात असली तर ड्रायव्हरला आधी सांगून ठेव.

येऊ का, एवढंच कळव. नको म्हणालीस तरी मी देगलूरपर्यंत येणार, तुझी गाडी जाताना बघणार आणि परत फिरणार. त्यात तुला त्रास नाही. पण ये म्हणालीस, तर आज रात्री मला दोन घास जातील. मंजूला सांग, उत्तर मोठ्या अक्षरात लिही म्हणावं. नाही, राहू दे. कसंही लिही, बारीक असलं तरी मी वाचीन. फक्त लवकर कळव, पहाटेच्या आत कळव. मी जागाच आहे.